पहिले नगर आणि पहिली वाट : ‘सिव्हिलायझेशन’ या खेळातील आरंभनीतीची चिकित्सा

खालापूर तालुक्यातील चावणी गावालगतची उंबरखिंड आणि ‘सिव्हिलायझेशन’ या नावाचा संगणकावरील खेळ यांचा एकत्र उल्लेख प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. तथापि राज्याचा आरंभ कशापासून होतो, या एकाच प्रश्नाला त्या दोहोंनी दिलेली उत्तरे परस्परांहून इतकी भिन्न आहेत, की एकाच्या कसोटीवर दुसऱ्याला घासून पाहणे उद्बोधक ठरावे. खेळाचे उत्तर आज असंख्य तरुण खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले आहे. ते उत्तर आहे हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. म्हणून त्याची चिकित्सा केवळ करमणुकीची बाब उरत नाही.

सिड मायर यांच्या कल्पनेतून उतरलेला हा खेळ मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पाचवी २०१० मध्ये, सहावी २०१६ मध्ये आणि सातवी २०२५ मध्ये आली. येथील विवेचन मुख्यतः पाचव्या व सहाव्या आवृत्तींना धरून आहे. खेळ पाळीपाळीने चालतो. इ. स. पू. ४००० हे आरंभवर्ष. खेळाडूच्या हाती एक वसाहतकार व एक योद्धा एवढेच दिलेले असते. भोवतालची थोडी षट्कोनी घरे तेवढी दिसतात, उरलेली पृथ्वी झाकलेली. नेहमीच्या गतीने खेळल्यास आरंभीची प्रत्येक पाळी चाळीस वर्षांची धरली जाते. म्हणजे एखाद्या योद्ध्याला खोपोलीहून खंडाळ्यास चढून जाण्यास चाळीस वर्षे लागली, तरी खेळाच्या कालगणनेत त्यात वावगे काही नाही! हा विनोद बाजूस ठेवला, तरी या आरंभस्थितीतच खेळाचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे, हे नाकारता येत नाही.

बुद्धिबळातील आरंभखेळीशी याची तुलना केल्यास एक मर्मभेद उघड होतो. बुद्धिबळाचा पट दोन्ही पक्षांना सारखा व पूर्णपणे ज्ञात असतो. त्यामुळे तेथील आरंभ हा पाठांतराचा विषय होऊ शकला व शतकानुशतके त्यावर ग्रंथरचना झाली. सिव्हिलायझेशनमध्ये मात्र पट प्रत्येक वेळी नवा असतो आणि तो बहुतांशी अदृश्य असतो. आरंभनीती म्हणजे येथे ठरीव चालींचा क्रम नसून भूमीचे वाचन होय. आहे त्याच घरी पहिल्या पाळीला नगर वसवावे, की दोन घरे सरकून नदीकाठ गाठावा? सहाव्या आवृत्तीत गोड्या पाण्यालगतच्या नव्या नगरास पाच माणशी वस्तीची सोय मिळते, पाणी नसलेल्या जागी ती दोनच असते. तेव्हा एखादी पाळी वाया गेली, तरी नदी गाठणे पुष्कळदा हिताचे असते. टेकडीवरील नगरास उत्पादन व संरक्षण या दोन्ही बाबतींत लाभ होतो. पुढे प्रथम टेहळ्या निर्माण करावा, गोफणधारी निर्माण करावा, की तातडीने दुसरा वसाहतकार? दुसरा वसाहतकार निघाला, की सहाव्या आवृत्तीत मूळ नगराची वस्ती एकाने घटते. पाचवीत तो तयार होत असताना नगराची वाढच थांबते. विस्ताराची किंमत आरंभीच मोजून घेण्याचा हा नियम रचनाकारांच्या उत्तम जाणिवेचा द्योतक आहे. वाढावयाचे तर आधी घटावे लागते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक स्पष्टपणे येथे प्रत्ययास येते.

परंतु वाचनाचा हा आनंद टिकवणे रचनाकारांस सर्वत्र साधलेले नाही. पाचव्या आवृत्तीत खेळाडूस आरंभी ‘ट्रॅडिशन’ व ‘लिबर्टी’ अशा धोरणमालिकांतून निवड करावयाची असते. पहिली मोजक्या, भरभक्कम नगरांना अनुकूल आहे. दुसरी झपाट्याच्या विस्ताराला, आणि तीत एक वसाहतकार विनामूल्य लाभतो. कागदावर हा पेच समतोल दिसतो. प्रत्यक्षात मात्र पहिल्या मालिकेचे मोठे लाभ पहिल्या चार नगरांपुरते बांधलेले आहेत. राष्ट्रीय विद्यालय उभारावयाचे तर प्रत्येक नगरात ग्रंथालय आधी हवे. शिवाय २०१३ च्या पुरवणीनंतर प्रत्येक नव्या नगरागणिक विद्याप्राप्तीचा खर्च वाढतो. या तिन्हींचा परिणाम एकच झाला : ‘चार नगरे व ट्रॅडिशन’ हे जाणत्या खेळाडूंचे ठरीव उत्तर बनले. निवडीचे रूप राहिले, आशय गेला. सहाव्या आवृत्तीत तराजू उलट बाजूला झुकवण्यात आला आणि अधिक नगरे हेच बहुधा श्रेयस्कर ठरले. दोन्ही आवृत्त्यांत वाद चालतो तो नगरे किती असावीत याचा. आरंभ नगरापासूनच का व्हावा, हा प्रश्न मात्र खेळाच्या व्याकरणात बसतच नाही.

व्याकरण हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. मराठीत या कृतीला ‘वसवणे’ असे क्रियापद आहे आणि ते ‘वसणे’ या धातूचे प्रयोजक रूप आहे. गाव वसते ते वसणाऱ्यांमुळे. वसवणारा केवळ निमित्तकर्ता. ‘त्याने गाव वसवले’ या वाक्यात वसवणाऱ्याखेरीज आणखी कोणी तरी, ज्याला वसते केले, तो गृहीत असतो. तो नसेल तर क्रिया सिद्धीसच जात नाही. याउलट खेळातील वसाहतकार स्वतःच नगरात विरून जातो. वसवणारा व वसणारा यांचे तेथे अद्वैत आहे. कोणाला बोलवावे लागत नाही, कोणाला अभय द्यावे लागत नाही, कोणी नाकारीत नाही. मराठी कागदपत्रांतील शब्दसंभार पाहिला, तर नेमके हेच व्यवहार तेथे ठायी ठायी नोंदलेले आढळतात : कौल देणे, रयत परागंदा होणे, गाव ओस पडणे, जमीन लावणीस आणणे, कीर्द-महामुरी करणे. ही सारी भाषा पहिल्यांदा वसवण्याची नाही. मोडलेले पुन्हा उभे करण्याची आहे. पांढरी आणि काळी, म्हणजे वस्तीची जागा व कसण्याची जमीन, ही दोन्ही आधीपासूनच आहेत. माणसे तेवढी निघून गेली आहेत.

मराठी राज्याच्या उदयाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. पुढे जिजाबाई व बालवयाचा शिवाजी तेथे आल्यावर कारभारी दादोजी कोंडदेव याच्या देखरेखीखाली कसबा पुन्हा नांदता झाला. उजाड मावळात शेती लावण्यासाठी ‘इस्तावा’ पद्धतीचा अवलंब झाला. तिच्यात पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षागणिक चढवीत नेत व काही वर्षांनी पूर्ण दरास आणीत. रानटी जनावरांचा उपद्रव मोडण्यासाठी बक्षिसे लावल्याची परंपराही सांगितली जाते. आरंभनीती म्हणून या योजनेचे स्वरूप पाहिले, तर ती खेळाच्या नेमकी उलट आहे. खेळात राजसत्ता आरंभी माणसे खर्चून जमीन मिळवते. येथे उत्पन्न सोडून देऊन माणसे मिळवली गेली. जमिनीला तोटा नव्हता, तोटा नांगर धरणाऱ्या हातांचा होता. खेळातील नगराची प्रजा उपाशी मरू शकते, २०१८ च्या पुरवणीपासून ‘निष्ठा’ ढळून नगर शत्रूकडे जाऊही शकते. परंतु माणूस पाय उचलून घाटाखाली निघून गेला, असे तेथे कधीच घडत नाही. सतराव्या शतकातील राज्यकर्त्याची झोप उडवणारी गोष्ट तर तीच होती.

आधीपासून नांदत असलेल्यांचा खेळाने लावलेला अर्थ याहून शोचनीय आहे. मोकळ्या म्हणून दाखवलेल्या भूमीवर दोन प्रकारची माणसे भेटतात. एक ‘गावे’; त्यांत टेहळ्याने पाऊल टाकताच ती सोने, विद्या अथवा एखादा सैनिक देऊन नकाशावरून नाहीशी होतात. दुसरे ‘बार्बेरियन’, त्यांचा टेहळ्या खेळाडूचे नगर पाहून तळावर परतला, की धाडी सुरू होतात. म्हणून तो टेहळ्या वेळीच मारणे हे सहाव्या आवृत्तीतील आरंभनीतीचे एक कलमच आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरकपारीत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांची वस्ती या दोनपैकी कोणत्या घरात घालावी, असे विचारले तर खेळाजवळ उत्तर नाही. २०२१ मध्ये या तळांशी देवघेव करण्याची व कालांतराने त्यांचे नगरराज्य होण्याची सोय एका ऐच्छिक प्रकारात करण्यात आली. सुधारणा स्वागतार्ह खरी. तथापि ज्याचे नगर झाले तोच माणसांत जमा, हा मूळ निकष त्याने अधिकच पक्का केला.

आता उंबरखिंडीकडे वळावे. शाहिस्ताखान १६६० मध्ये पुण्यास तळ देऊन बसला होता. चाकणचा किल्ला त्याने त्याच वर्षी सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला होता. घाटाखालील कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ पासून शिवाजीच्या ताब्यात होता. तो हस्तगत करण्यासाठी खानाने कारतलबखान या उझबेक सरदाराची नेमणूक केली. सोबत माहूरच्या देशमुखीतील रायबाघन ही पराक्रमी स्त्री होती. खानाने बोरघाटाची रुळलेली वाट टाकली व लोणावळ्याच्या दक्षिणेकडील अरुंद, निबिड वाटेने कोकणात उतरण्याचा बेत केला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी ही सेना खिंडीत पुरती गुंतल्यावर दोन्ही अंगांच्या रानातून तिच्यावर मारा झाला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, पाणी मिळेना. अखेर रायबाघनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली व सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घेतली. कवीन्द्र परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. ते काव्य असल्यामुळे त्यातील संवाद शब्दशः घेऊ नयेत. पण वाटेचे व रानाचे वर्णन आजही जागेवर जाऊन ताडून पाहता येते.

हा प्रसंग खेळात मांडता येईल काय? अंशतः येईल. पाचव्या आवृत्तीपासून एका घरात एकच लढाऊ तुकडी राहू शकते. त्यामुळे चिंचोळ्या जागी मोठी सेना निरुपयोगी होते, आणि रानातील व टेकडीवरील तुकडीस बचावाचा लाभही मिळतो. इतके श्रेय खेळाला दिलेच पाहिजे. अडचण निराळीच आहे. खेळात उंच पर्वताचे घर बहुधा सर्वांनाच बंद असते. पुढील पुरवण्यांतील बोगदे किंवा एखाद्या विशिष्ट जनसमूहास दिलेली सवलत सोडली, तर पर्वत म्हणजे भिंत. सह्याद्री मात्र भिंत कधीच नव्हता. बोरघाट, कुरवंडे घाट, सावळ्या घाट अशी त्याची नावेच वाटांची नावे आहेत. कोणत्या वाटेने बैल जातो, कोणत्या वाटेने केवळ माणूस, पावसाळ्यात कोणती मोडते, कोणत्या वाटेवर पाणी आहे, या ज्ञानातच त्याचे राजकीय मूल्य साठलेले आहे. १६५६ मध्ये जावळी घेतली गेली, ती तेथील नगरासाठी नव्हे. कोकणात उतरणाऱ्या घाटांच्या किल्ल्या त्या खोऱ्यात होत्या, आणि लगोलग प्रतापगड बांधला गेला तो पार घाटावर नजर ठेवण्यासाठी. खेळाडूच्या हिशोबात अशा घराचे उत्पन्न धान्य, उत्पादन व सोने यांत मोजले जाते. उंबरखिंडीचे ते शून्याच्या जवळपास येईल. कोणताही चतुर खेळाडू आरंभीच्या पन्नास पाळ्यांत तिकडे ढुंकूनही पाहणार नाही.

वाटेऐवजी नगरावर भिस्त ठेवल्याचा परिणाम खेळाच्या शेवटापर्यंत पोहोचतो. पहिल्या पाळीला वसवलेले नगर हीच राजधानी. ते प्रायः अखेरपर्यंत सर्वांत मोठे राहते. आणि युद्धाने मिळणाऱ्या विजयाची अट अशी, की प्रतिस्पर्ध्यांच्या मूळ राजधान्या हस्तगत कराव्यात. हा नियम १६८९ सालाला लावून पाहावा. त्या वर्षी संभाजीचा वध झाला व रायगड पडला. खेळाच्या गणितात मराठे संपले. प्रत्यक्षात राजाराम जिंजीस गेला. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी लढा चालू ठेवला. जिंजी १६९८ मध्ये पडली, पुढे सातारा राजधानी झाली. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरास मरण पावला, तो विजय हाती न लागताच. राजगड, रायगड, जिंजी, सातारा, आणि पुढे सत्तेचे केंद्र म्हणून पुणे : ज्या राज्याची राजधानी अशी हलू शकते, त्याचा प्राण तीत नसतो. अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांना स्वतंत्र प्रकरण दिले गेले, त्यामागे हाच अनुभव असला पाहिजे.

मराठे ज्यात खेळाडूच्या बाजूने उभे राहू शकतात, असा पाळीपाळीचा खेळही झालेला आहे. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा तो खेळ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील लढाया वास्तव वेळात चालतात. परंतु नकाशावरील राज्यकारभार पाळ्यांनी चालतो व प्रत्येक पाळी सहा महिन्यांची असते. आरंभ १७०० सालापासून. येथे वसाहतकार नाही. तयार राज्य हाती येते. त्यामुळे वर दाखवलेला दोष टळावा अशी अपेक्षा वाटते, आणि येथेच निराशा होते. ‘मराठा कॉन्फेडरसी’ या नावाने एक रंगवलेला, आखीव सीमांचा मुलूख खेळाडूसमोर येतो. १७०० हे वर्ष म्हणजे मार्चमध्ये राजारामाचा सिंहगडावर मृत्यू व एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला मोगलांच्या हाती! राज्यसूत्रे ताराबाईकडे आली होती आणि सेना मुलूखभर विखुरलेल्या होत्या. ‘कॉन्फेडरसी’ या शब्दाने जी सरदारमंडळाची व्यवस्था सूचित होते, ती तर पेशवाईच्या काळात आकारास आली. नकाशावर रंग भरण्यासाठी सीमा लागते व सीमेसाठी केंद्र लागते. या चित्रकारी गरजेपायी इतिहासातील सर्वांत बोधप्रद आरंभस्थिती, केंद्र हरवलेले राज्य चालवण्याची, रचनाकारांनी हातची घालवली.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की खेळ हा खेळ आहे. त्याच्याकडून बखरीची अपेक्षा का करावी? आक्षेप रास्त आहे. पण रोख चुकलेला आहे. येथे तपशिलाच्या चुका मोजलेल्या नाहीत. १९९१ मध्येच भारताचे नेतृत्व गांधींकडे देणाऱ्या या खेळाकडून तशी अपेक्षा कोणी करीतही नाही. प्रश्न खेळ म्हणूनच आहे. आरंभी करावयाच्या निवडींत जर वाट धरणे, माणसे परत आणणे, केंद्रावाचून टिकणे हे पर्याय नसतील, तर खेळच उणा राहतो. ‘चार नगरे’ हे ठरीव उत्तर सुचते ते या उणिवेतूनच. आणि रचनाकारांना हे अशक्य नव्हते, याचा पुरावा त्यांच्याच सहाव्या आवृत्तीत आहे. तीत नगराचे विभाग शेजारच्या भूरूपांनुसार फळतात : पर्वतालगत विद्यापीठ, नदीलगत व्यापार. स्थळाचे मूल्य त्याच्या शेजारावरून ठरते, ही सूक्ष्म दृष्टी होय. खोपोलीचे उदाहरण तिला चपखल बसते. कड्याच्या पायथ्याची ही जागा शेतीच्या हिशोबाने फारशी मोलाची नव्हती; माथ्यावर मावळचा पाऊस साठवून तो खाली सोडला गेला व १९१५ मध्ये टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा तोच कडा धन ठरला. हीच दृष्टी वाटांना लावली असती, तर एखादे खिंडीचे घरही आरंभी घेण्याजोगे झाले असते.

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचा मुलूख या खेळाच्या पटावर मांडला, तर पहिले नगर कोठे वसेल, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ कुतूहलाचा नाही. नियम पाळणारा खेळाडू उल्हासच्या काठी, कर्जतजवळ थांबेल; नदी आहे, सपाटी आहे, टेकड्या हाताशी आहेत. कर्जत मोठे झालेही, पण ते नदीमुळे नव्हे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर गेली आणि चढणीसाठी जादा इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून ते वाढले. खालापूर तालुक्याचे ठिकाण राहिले, वस्ती मात्र खोपोलीस गेली. १८३० मध्ये माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून द्रुतगती मार्गापर्यंत या मुलखाचे भाग्य दर वेळी घाटातील एखाद्या नव्या वाटेने बदलले आहे.

भाषेची एक साक्ष येथे नोंदण्याजोगी आहे. मराठी मुलांच्या लपंडावात ज्याच्यावर ‘राज्य येते’, तो विजयी नसतो; त्याने डोळे मिटून अंक मोजावयाचे व मग लपलेल्यांना शोधीत हिंडावयाचे असते. इतरांना जागा ठाऊक, त्याला नाही. म्हणून राज्य त्याच्यावर. फेब्रुवारी १६६१ मध्ये कुरवंड्याच्या बाजूने खाली उतरणाऱ्या कारतलबखानावर नेमके असेच राज्य आले होते.